पार्सल थांबलं, मग विक्रेते कुठे गेले?

२०२५ च्या दिवाळीआधी अमेरिकेतल्या मुलाला किंवा बहिणीला फराळ पाठवायला तुम्ही पोस्टात गेला असाल, तर बहुधा डबा घेऊन तसेच परत आला असाल. २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं होतं. आधी पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू ठेवल्या होत्या. ऑगस्ट संपता संपता त्याही बंद झाल्या. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला.

फराळ एका वर्षी चुकला तर चुकला. पण त्याच काउंटरवर रोज दोन-चार पाकिटं घेऊन येणारी दुसरीही माणसं असतात. कुणी नथी विकतं, कुणी हाताने रंगवलेल्या कुर्त्या, कुणी पितळेचे दिवे, कुणी जुनी पोस्टाची तिकिटं. एट्सी किंवा ईबेवर दुकान, घरातच गोदाम, आणि परदेशी ग्राहकापर्यंत पोहोचायचा रस्ता म्हणजे पोस्ट. माझा अभ्यास या लोकांबद्दल आहे. 'पोस्टाचे नियम बदलले की छोटे विक्रेते काय करतात?' असा साधा दिसणारा प्रश्न आहे. आज तो समजावून सांगते, कारण याचं जे उत्तर सहसा दिलं जातं ते अर्धंच आहे असं मला वाटतं.

आधी, झालं काय ते बघू. अमेरिकेत १९३८ पासून एक सवलत होती: वस्तू अगदी किरकोळ किमतीची असेल तर तिच्यावर सीमाशुल्क घ्यायचं नाही. कारण सरळ होतं, वसुलीचा खर्चच वसुलीपेक्षा जास्त व्हायचा. ही मर्यादा वाढत वाढत २०१६ मध्ये २०० डॉलरवरून ८०० डॉलरवर गेली. त्यानंतर ऑनलाइन खरेदीचा पूर आला आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात या सवलतीखाली अमेरिकेत आलेल्या पार्सलांची संख्या १३६ कोटींवर पोहोचली. २ मे २०२५ ला चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी सवलत काढली गेली, आणि २९ ऑगस्टला सगळ्या जगासाठी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कर वाढला की माल महाग होतो, हे कुणालाही कळतं. पण कर वाढला म्हणून पोस्ट *बंद* का पडावं?

कारण पोस्टाची रचनाच वेगळी आहे. १८७४ मध्ये बर्नला देशोदेशींनी करार केला, त्यातून आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली. भारत १८७६ मध्ये तिच्यात आला. कल्पना अशी की टपालापुरतं सगळं जग हा एकच मुलूख. तुम्ही पैसे इथल्या पोस्टात भरायचे, पाकीट तिथल्या पोस्टमनने पोहोचवायचं, आणि मधला हिशेब दोन्ही खात्यांनी आपसात मिटवायचा. पाकिटावर एक छोटा फॉर्म चिकटवायचा, त्यावर आत काय आहे आणि किंमत किती ते पाठवणाऱ्याने लिहायचं. शुल्क लागलंच तर ते पलीकडे, माल पोहोचल्यावर, घेणाऱ्याकडून. ना दलाल, ना आयातदार म्हणून कुणाची नोंदणी. छोट्या विक्रेत्याला परदेशाचं दार उघडलं ते या साधेपणामुळे. स्वस्ताई त्याच्या नंतर येते.

नव्या आदेशाने नेमका हा क्रम उलटा केला. शुल्क आता आधी भरायचं, आणि ते गोळा करून अमेरिकेच्या कस्टम्सपर्यंत पोहोचवायची जबाबदारी माल नेणाऱ्यावर किंवा कस्टम्सने मान्यता दिलेल्या मध्यस्थावर. सविस्तर सूचना आल्या १५ ऑगस्टच्या सुमारास, अंमल २९ पासून. दोन आठवड्यांत कुठल्या देशाचं टपाल खातं अशी यंत्रणा उभी करणार? आमची तांत्रिक तयारी नाही, असं सांगून विमान कंपन्यांनीच टपाल घ्यायला नकार दिला. २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आधीच्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घसरलं आणि ८८ टपाल खात्यांनी सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली, असं जागतिक टपाल संघटनेनेच जाहीर केलं. म्हणजे पार्सलं अडली ती शुल्काच्या दरामुळे नाहीत. पैसे भरायचे कुठे आणि कुणी, हेच ठरलेलं नव्हतं.

आता दराकडे येऊ. शुल्क आकारायचे दोन मार्ग ठेवले होते. एक म्हणजे किमतीच्या टक्केवारीने. दुसरा, सहा महिन्यांपुरता, दर पार्सलामागे ठरावीक रक्कम: देशाच्या आयातशुल्काच्या दरानुसार ८०, १६० किंवा २०० डॉलर. भारताचा दर तेव्हा ५० टक्के, म्हणजे आपण २०० च्या गटात. वीस डॉलरच्या नथीवर दोनशे डॉलर शुल्क! भारतीय पोस्टाने १५ ऑक्टोबरपासून टक्केवारीचा मार्ग घेतला. दिल्ली आणि महाराष्ट्र परिमंडळांत आधी चाचणी करून, बुकिंगच्या वेळीच घोषित किमतीच्या ५० टक्के शुल्क भरून घ्यायची सोय केली. टपालाचे दर तेच ठेवले आणि या सोयीचा वेगळा आकार घेतला नाही. शिवाय कुरिअरने जाणाऱ्या मालावर वस्तूनुसार जे मूळ शुल्क वर लागतं, ते टपालाला नव्हतं. तेव्हा, पुन्हा सुरू झालेलं पोस्ट कुरिअरपेक्षा वाईट होतं असं अजिबात नाही.

आता एक हिशेब करू. आकडे मी सोयीचे घेतले आहेत. समजा, पुण्यातली एक विक्रेती २० डॉलरला नथ विकते आणि टपालखर्च ५ डॉलर. आधी ग्राहकाला पडायचे २५. ५० टक्के दराने शुल्क १०, म्हणून ३५. बरं, पण ऑनलाइन ग्राहकाला शेवटच्या पानावर अचानक वाढलेला आकडा दिसला की तो दुकान सोडून जातो, म्हणून ती ठरवते की शुल्क किमतीतच मुरवून टाकू, नथ ३० ला लावू. इथे ती फसते. पाकिटावरची घोषित किंमत आता ३० झाली, शुल्क झालं १५, हातात राहिले १५. पूर्वीसारखे २० हातात यायला तिला नथ किती लावावी लागेल? ४०. (पडताळून पाहा: ४० चे निम्मे २० शुल्कात, उरले २०.) शुल्क वेगळं दाखवलं तर ग्राहकाला टपालखर्च सोडून ३० पडतात, आणि किमतीत मुरवून वेगळं दाखवलंच नाही तर ४०. एकच नथ आणि एकच नियम, तरी फक्त बिलाच्या मांडणीमुळे दहा डॉलरचा फरक. हे गणित ज्याला आधी सुचलं तो टिकला, आणि ज्याला दोन महिन्यांनी हिशेब करताना दिसलं त्याचे दोन महिने गेले.

'जुळवून घेणं' म्हणजे अशा बारीक गोष्टी. पण याहून मोठा बदल विकायच्या वस्तूतच होतो. समजा, हीच बाई तिथल्या एका दुकानदाराला शंभर नथी एकदम, आठ डॉलर घाऊक भावाने विकते. शुल्क आता आठवर लागतं, वीसवर नाही. कागदपत्रांचा आणि दलालाचा खर्च शंभर नगांत वाटला जातो. आयात अडीच हजार डॉलरच्या आत असल्यामुळे कस्टम्सची प्रक्रियाही त्यातल्या त्यात सोपी. वा, छान! फक्त यासाठी तिथे कुणीतरी हवं, शंभर नथींत गुंतवायला पैसे हवेत, आणि त्या शंभर नथी जवळजवळ सारख्या हव्यात. 'माझ्या लग्नातल्या शालूला शोभेल अशी, जरा मोठ्या मोत्यांची करून द्या' असं सांगून मागवलेली नथ या रस्त्याने जात नाही. सुट्या ऑर्डरीवर, एकेक नग करून विकणाऱ्या कारागिराला पोस्टाचं सुटं पाकीट हाच रस्ता होता. नियम बदलला की पहिला फटका एकुलत्या एक वस्तूला बसतो, गठ्ठ्याच्या वस्तूला नंतर.

उरलेले मार्ग भराभर सांगते. अमेरिका बंद करून कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आखात इकडे लक्ष वळवायचं. सगळं कुरिअरकडे द्यायचं आणि किमान ऑर्डर वाढवायची. दुकान 'सुट्टीवर' टाकायचं. किंवा 'भेटवस्तू' असं लिहून १०० डॉलरच्या आत पाठवायचं. हा शेवटचा प्रकार जुळवून घेणं नाही, खोटी घोषणा आहे, आणि पकडलं गेलं की माल जातो. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत विक्रीचा माल कोंबणं त्याच जातीचं. घरचा फराळ न्या, हरकत नाही, व्यापार नको.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. मे २००७ मध्ये अमेरिकी पोस्टाने परदेशी जाणारं समुद्रमार्गाचं स्वस्त टपाल बंद केलं, तेव्हा जुनी जाडजूड पुस्तकं विकणाऱ्यांची अशीच पंचाईत झाली. पुस्तक दहा डॉलरचं आणि विमानाचं टपाल त्याहून जास्त. जुलै २०२१ मध्ये युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालावरची करमाफी काढली. १५० युरोपर्यंतच्या मालाचा कर वसूल करायचं काम मोठ्या बाजारपेठी वेबसाइटींकडे गेलं. मग स्वतःची छोटी वेबसाइट चालवणाऱ्याला त्या मोठ्या साइटच्या छत्राखाली जाणं सोयीचं झालं. कर गोळा करायची जबाबदारी ज्याच्या हातात, विक्रेता हळूहळू त्याच्या दारात. यावर माझा विश्वास वर्षागणिक वाढत चालला आहे.

आता संशोधनाची अडचण. अर्थशास्त्रात अशा प्रसंगाला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. एक तारीख आहे, त्या दिवशी अमेरिकेचा रस्ता बदलला, बाकीच्या देशांचा नाही. मग अमेरिकेकडच्या विक्रीतला आधी-नंतरचा फरक काढायचा, बाकी देशांकडच्या विक्रीतला तसाच फरक काढायचा, आणि दोन्ही फरकांतला फरक म्हणजे नियमाचा परिणाम. पद्धत सुंदर आहे. पण मघाची आपली नथवाली बाई आठवा. तिने अमेरिका सोडून कॅनडावर जोर दिला, म्हणून कॅनडाची विक्री वाढली. मी ज्या कॅनडाला 'काहीच न बदललेला' समजून तुलनेला घेतलं, तोच बदललाय! अमेरिकेत नुकसान दहाचं आणि कॅनडात वाढ चाराची, तर माझं गणित म्हणतं नियमाचा परिणाम चौदा. खरं नुकसान सहाच. गाइडने हे पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, आणि मी तेव्हा नुसती मान डोलावली होती.

दुसरी अडचण जास्त टोचते. बदलानंतर सहा महिन्यांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा. जवळजवळ सगळे सांगतील: थोडा त्रास झाला, पण मार्ग काढला. साहजिकच आहे, ज्यांना मार्ग सापडला नाही ते सर्वेक्षणात आहेतच कुठे? दुकान बंद, ईमेल बंद. परीक्षेनंतर वर्गात उरलेल्या मुलांनाच 'पेपर कसा होता' विचारावं, तसं हे. 'छोटे उद्योजक लवचीक असतात' हे वाक्य लेखांतून आणि भाषणांतून इतक्या सहज येतं, त्यामागे बरेचदा अशी गाळून उरलेली माणसं असतात.

पाब्लो फायगेलबाउम आणि अमित खंडेलवाल या अर्थशास्त्रज्ञांचं या सवलतीवरचं काम बरंच वाचलं गेलंय. सवलत काढली तर अमेरिकी ग्राहकांचं साधारण ११ ते १३ अब्ज डॉलरचं नुकसान होईल आणि त्याचा भार गरीब वस्त्यांवर जास्त पडेल, असा त्यांचा अंदाज. ते ग्राहकाच्या बाजूने पाहतात. मला टेबलाची दुसरी बाजू मोजायची आहे, आणि गेलेल्यांना मोजायचं तर त्यांचा मागमूस कुठे राहतो ते शोधणं आलं.

एक जागा आहे. भारतातून टपालाने व्यापारी माल पाठवायचा तर निर्यातदाराचा कोड लागतो आणि टपाल निर्यात बिल भरावं लागतं. डिसेंबर २०२२ च्या नियमांनंतर ते ऑनलाइन भरता येतं, आणि देशभर हजारावर डाकघर निर्यात केंद्रं त्यासाठी उघडली गेली आहेत. म्हणजे नोंद माणसाच्या उत्तरावर अवलंबून नाही. एखादा कोड ऑगस्टपर्यंत दर आठवड्याला दिसतो, सप्टेंबरात थांबतो, १५ ऑक्टोबरनंतर काही परत येतात. काही वेगळ्या देशाच्या नावाने येतात, काही जास्त वजनाची पण कमी पार्सलं घेऊन. आणि काही कोडांपुढे नंतर एकही ओळ नाही. माझा पुढचा प्रकरण-आराखडा या शेवटच्या गटापासून सुरू होतो.