दिसलं खरं, पण किती वाजता?

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्याच्या आकाशातून जळते निखारे एका ओळीत सरकत गेले. कोणी म्हणालं उल्का, कोणी क्षेपणास्त्र, कोणी विमान. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. चीनच्या ‘चांग झेंग 3 बी’ रॉकेटचा, फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेला तिसरा टप्पा हा, असा निष्कर्ष खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी काढला.

लोणारचं विवर शेजारच्याच जिल्ह्यात असल्यानं असेल, पण आपल्याकडे वाशिममध्ये आकाशातून जळतं काही आलं की पहिला संशय उल्केवरच. उल्का सेकंद-दोन सेकंदांत विझते. उपग्रह किंवा त्याचे अवशेष बघत राहण्याइतका वेळ देतात. ‘किती वेळ दिसलं?’ एवढं जरी कोणी लिहून ठेवलं असतं, तरी त्या रात्रीचा निम्मा वाद तिथंच मिटला असता.

‘उपग्रह बघायला दुर्बीण लागते.’ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला तरी नाही. ते सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून जातं आणि कधीकधी व्याधापेक्षाही ठळक दिसतं. त्याला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे अंधार पडलेला असतो तेव्हा वर त्याच्यावर ऊन असतं, ते चमकतं. म्हणून ते दिसतं सूर्यास्तानंतर किंवा पहाटे. पुष्कळदा भर आकाशातच ते मंदावतं आणि पुसल्यासारखं जातं. ढग नसतो, पृथ्वीची सावली असते. लुकलुकणारा लाल-हिरवा दिवा दिसला तर ते विमान.

अंतराळ स्थानकाचा नोंदणी क्रमांक 1998-067ए, म्हणजे 1998 सालचं 67वं उड्डाण. त्याच वर्षी 1 जुलैला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, आणि 20 नोव्हेंबरला स्थानकाचा पहिला भाग वर गेला. जिल्हा सुमारे साडेचार महिन्यांनी थोरला.

‘ॲपमध्ये उपग्रह लाइव्ह दिसतो.’ हा गैरसमज सगळ्यांत घट्ट. स्टेलेरियम काय किंवा हेवन्स-अबव्ह काय, दोन्ही आकाशाकडे बघत नाहीत, गणित करतात. प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची माहिती दोन ओळींच्या आकड्यांत मिळते, एका ओळीत 69 अक्षरं. त्यावरून ‘आता तो इथं असायला हवा’ असं सॉफ्टवेअर सांगतं. आकडे दोन आठवडे जुने असतील तर उपग्रह लवकर येतो, उशिरा येतो, आणि आपण ॲपला शिव्या घालतो. आधी माहिती ताजी करून घ्या.

‘व्हिडिओ काढला, म्हणजे नोंद झाली.’ नोंदीला तीन गोष्टी लागतात: कुठून पाहिलं, कधी पाहिलं, ताऱ्यांमध्ये नेमकं कुठं होतं.

‘कुठून’साठी ‘वाशिम’ पुरत नाही. आपल्या गच्चीचे अक्षांश, रेखांश आणि उंची लागते. जुन्या भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा आपल्या मध्यमेश्वराच्या देवळातून जाते, असं वाशिमकर अभिमानानं सांगतात. सॉफ्टवेअर मात्र ग्रिनिचपासून मोजतं आणि आपल्याला सुमारे 77.1 अंश पूर्वेला बसवतं.

‘कधी’मध्ये खरी गोम आहे. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त धावतं. डोक्यावर असताना घड्याळ एका सेकंदानं चुकलं, तर आकाशात दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढी चूक होते. शिवाय नोंद जागतिक वेळेत द्यायची, म्हणजे साडेपाच तास वजा. 3 मार्चच्या पहाटे 4:50 ला दिसलेला उपग्रह 2 मार्चच्या 23:20 ला लिहावा लागतो. नवखे इथं हमखास तारीख चुकतात.

‘नेमकं कुठं’ हे मात्र डोळ्यांचं काम. समजा ठिपका मृगातल्या काक्षी आणि राजन्य यांना जोडणारी रेघ ओलांडतोय. ओलांडली त्या क्षणी स्टॉपवॉच दाबायचं आणि काक्षीपासून रेघेच्या कितव्या हिश्श्यावर ओलांडली ते लक्षात ठेवायचं. ते ताऱ्यांच्या नकाशावर मांडून सॉफ्टवेअर आकाशातलं स्थान काढून देतं. मग उपग्रहाचा क्रमांक, निरीक्षकाचा क्रमांक, वेळ, स्थान आणि अंदाजे चूक हे सगळं ठरलेल्या रकान्यांत एकाच ओळीत, कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या हौशी निरीक्षकांकडे पाठवायचं. चूक किती असू शकते हा आकडा लपवू नये. त्यानंच नोंदीला वजन येतं.

‘सरकारी रडार असताना हौशी माणसाची कोणाला गरज?’ नासाच्या ‘इमेज’ उपग्रहाचा संपर्क डिसेंबर 2005 मध्ये तुटला. 20 जानेवारी 2018 ला तो जिवंत असल्याचं पकडलं कॅनडातल्या स्कॉट टिली या हौशी माणसानं, तेही भलताच उपग्रह शोधत असताना, रेडिओवर. नासानं नंतर ओळख पक्की केली. अमेरिका ज्या हेर उपग्रहांच्या कक्षा जाहीर करत नाही, त्यांचा हिशेबही जगभरचे हौशी निरीक्षकच ठेवतात.

आणि गच्चीवर जाऊन काहीच दिसलं नाही तर? वेळ, ठिकाण, ‘आकाश निरभ्र, दिसला नाही’ असं लिहा आणि तेही पाठवा. उपग्रहानं कक्षा बदलली असेल तर पहिली खूण तीच असते.