गुडघ्यातली साधी गाठ : भिऊ नका, पण तपासल्यावाचून राहू नका

नवीन जालन्यात गुडघा सुजला की उपाय ठरलेले असतात. एरंडाचे पान शेकून बांधायचे, तेल चोळायचे, मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणायची. मिलमध्ये लोखंड उचलणारा कामगार, मोंढ्यातला हमाल, बांधकामावर विटा वाहणारी बाई यांचे गुडघे दुखणारच, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरेही असते. झीज, मार, मुरगळ किंवा संधिवात हीच कारणे बहुधा निघतात. परंतु थोड्या लोकांच्या गुडघ्यात निराळेच काही वाढत असते आणि ते ओळखू येईपर्यंत कधी कधी वर्षे निघून जातात. आम्ही डॉक्टर नाही, पेशाने कारकून आहोत. पण वस्तीतल्या रुग्णांसोबत दवाखान्यांच्या रांगांत उभे राहून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आत काय वाढते?

गुडघ्याच्या सांध्याला आतून पातळ अस्तर असते. सांध्याला वंगण देणारे पाणी तेच तयार करते. काही जणांत हे अस्तर जाड होते आणि त्यावर गाठी येतात. १९४१ साली अमेरिकेतील जाफे, लिक्टेनस्टाईन व सुत्रो या डॉक्टरांनी या आजाराला जे लांबलचक नाव दिले, ते पुढे ‘पीव्हीएनएस’ असे आखूड झाले. आता त्याला ‘टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर’ म्हणतात. तो विशी ते पन्नाशीच्या कमावत्या वयात जास्त दिसतो आणि गुडघ्यात सर्वाधिक आढळतो. ‘ट्यूमर’ शब्द ऐकून घरात रडारड होते, पण ही कॅन्सरची गाठ नव्हे. मात्र साधी असली तरी ती निरुपद्रवी नाही. तशीच राहिली तर सांध्याची कूर्चा आणि हाड पोखरते.

अशाच आणखी काही साध्या वाढी आहेत. एकीत कूर्चेचे मण्यांसारखे तुकडे सांध्यात सुटे फिरतात आणि चालता चालता गुडघा अडकतो. एकीत चरबी झाडाच्या फांद्यांसारखी वाढते. एकीत रक्तवाहिन्यांचा गुंता होतो. ही शेवटची वाढ मुलांत व तरुणांत जास्त आढळते.

निदान कसे होते?

पहिली खूण म्हणजे मार लागलेला नसताना गुडघा पुन्हा पुन्हा सुजणे. सुईने काढलेले पाणी तांबूस किंवा तपकिरी निघाले तर दुसरी खूण मिळाली. वाढलेल्या अस्तरातून थोडे थोडे रक्त झिरपते आणि रक्तातले लोह तेथेच साचते. लोखंडाच्या गावाला गंजाचा रंग समजावून सांगायला नको! म्हणून काढलेले पाणी फेकू देऊ नका, तपासायला पाठवा म्हणावे.

साध्या एक्स-रेत ही वाढ सुरुवातीला बहुधा दिसत नाही. ‘फोटो चांगला आला’ म्हणजे गुडघा चांगला, असे नाही. खरी मदत एमआरआयची. साचलेले लोह त्यात काळे दिसते, चरबीची वाढ चरबीसारखीच दिसते. मिलमध्ये किंवा ग्राइंडरवर काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, अथवा अंगात सळई, पेसमेकर असेल, तर एमआरआयपूर्वी ते आवर्जून सांगावे. यंत्रातल्या चुंबकामुळे इजा होऊ शकते. शेवटचा शब्द मात्र तुकड्याच्या तपासणीचा. तुकडा तपासल्याशिवाय गाठीचे पक्के नाव कळत नाही.

क्षय की गाठ?

आपल्याकडे गुडघ्याचा क्षयही होतो. सूज सारखीच असल्यामुळे घोटाळा होतो. आमच्या ओळखीच्या एका मिल कामगाराला एका खासगी दवाखान्यात नुसत्या सुजेवरून क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या. सात महिने खाडे पडले, सूज मात्र हलली नाही. पुढे तुकडा तपासला तेव्हा साधी गाठ निघाली. याचा अर्थ क्षयाच्या गोळ्या मनाने बंद कराव्यात असा मुळीच नाही. ‘क्षय कोणत्या तपासणीत दिसला?’ एवढे नम्रपणे विचारावे. तो आपला हक्क आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. गुडघा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वाढत्या वयाच्या मुलाला गुडघ्याजवळच्या हाडात रात्री ठणका लागतो, सूज वाढते, असे असेल तर मालिश करीत बसू नये. तेथे हाडाचा कॅन्सरही असू शकतो.

कुठे जावे, काय न्यावे?

सूज तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, किंवा उतरून पुन्हा आली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. जालन्यात जिल्हा रुग्णालय आहे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. मिलमध्ये ईएसआय कापला जात असेल तर ते कार्डही न्यावे. जुने एक्स-रे, चिठ्ठ्या आणि पाण्याचा रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. नव्या डॉक्टरला त्यावरूनच आजाराची चाल कळते.

उपचार बहुधा ऑपरेशनचाच. दुर्बिणीतून किंवा गुडघा उघडून वाढलेले अस्तर काढतात. एकाच जागची गाठ काढली की बहुतेक वेळा काम होते. अस्तरभर पसरलेली वाढ पुन्हा येऊ शकते, म्हणून टाके निघाल्यावरही वर्षानुवर्षे तपासणीला जावे लागते. अमेरिकेत २०१९ साली या आजारावर पहिले खास औषध मंजूर झाले. पण औषध असो की ऑपरेशन, आधी निदान पक्के हवे.

ज्या गुडघ्यावर घर चालते, तो एक दिवसाची मजुरी वाचविण्यासाठी पणाला लावू नये. तपासणीसाठी एक खाडा पडला तर पडू द्यावा.