बोलण्याची पाळी कोणाची? : यूएसबी आणि फायरवायर

१९९० च्या दशकात संगणकाच्या मागे प्रत्येक उपकरणासाठी वेगळी जोडणी असे. प्रिंटरच्या जोडणीत आठ बिट आठ तारांतून एकाच वेळी निघत. ही समांतर पद्धत. वरकरणी ती वेगवान वाटते; पण वेग वाढवला की आठही बिट नेमके एकाच क्षणी पोहोचत नाहीत आणि केबलही जाड होते. त्यापेक्षा बिट एकामागून एक, पण अतिशय वेगाने पाठवणे सोपे. ही क्रमिक पद्धत. अनेक उपकरणांच्या अशा सामाईक मार्गाला ‘बस’ म्हणतात.

अशा दोन बस जवळजवळ बरोबरच आल्या. अ‍ॅपलने पुढाकार घेतलेल्या फायरवायरचे प्रमाण १९९५ साली, तर यूएसबीचे १९९६ साली ठरले. फायरवायरचा वेग सेकंदाला ४०० दशलक्ष बिट, यूएसबीचा अवघा १२. त्या काळच्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्याच्या चित्राला सेकंदाला सुमारे २५ दशलक्ष बिट लागत. साहजिकच कॅमेऱ्यांनी फायरवायर निवडली. माउस आणि कीबोर्ड यूएसबीकडे गेले.

पण खरा फरक वेगाचा नाही, शिस्तीचा आहे. यूएसबीच्या वर्गात संगणक हा शिक्षक. तो ज्याचे नाव घेईल त्यानेच उत्तर द्यायचे. मुलांनी आपसांत बोलायचे नाही. फायरवायरचा वर्ग गटचर्चेचा. पाळी ठरवण्याचे नियम प्रत्येकाला ठाऊक असतात, म्हणून दोन उपकरणे संगणकावाचूनही परस्परांशी बोलू शकतात.

मात्र त्यासाठी प्रत्येक उपकरणात अधिक ‘शहाणी’ आणि म्हणून महाग चिप लागते. शिवाय परवाना शुल्कही होते. यूएसबीत बहुतेक शहाणपण संगणकाकडे, त्यामुळे उपकरण स्वस्त. २००० साली यूएसबी २.० ने ४८० दशलक्षांचा टप्पा गाठला. मोठ्या फाइली पाठवताना प्रत्यक्षात ४०० ची फायरवायरच बहुधा पुढे राही, कारण यूएसबीचा काही वेळ विचारपुशीत जातो. तरीही स्वस्ताईने बाजी मारली आणि फायरवायर मागे पडली.

आज मोबाइल संगणकाला जोडला की तो विद्यार्थी असतो. त्यालाच पेन ड्राइव्ह जोडला की तो शिक्षक होतो!

वर्गात हे गणित घालून पाहा : ७०० मेगाबाइटची सीडी १२ आणि ४०० दशलक्ष बिटांच्या वेगाने पाठवायला किती वेळ लागेल? एक बाइट म्हणजे आठ बिट. उत्तरे सुमारे ४६७ आणि १४ सेकंद येतील. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो. तो का, हे आता विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.