कॉन्कॉर्डचे तक्ते

रिचर्ड प्रायमॅक हे बॉस्टन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. बोर्निओच्या वर्षावनांत त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. एकविसावं शतक उजाडता उजाडता एका प्रश्नानं त्यांच्या मनात घर केलं. तापमानवाढीचे परिणाम सगळे ध्रुवांवर आणि हिमनद्यांवर शोधताहेत; पण आपल्या दारातल्या, मॅसॅच्युसेट्सच्या रानातल्या झाडाझुडपांना ही वाढ जाणवू लागली आहे का? नुसती आजची फुलं पाहून याचं उत्तर मिळणार नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी तीच झाडं कधी फुलली होती, हे कुणीतरी तारखेनिशी लिहून ठेवलेलं असायला हवं होतं.

भेटेल त्याला ते अशा नोंदींविषयी विचारू लागले. वाट सापडली ती तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाकडे. तो म्हणाला, थोरोनं असं काहीतरी करून ठेवलंय.

थोरो म्हणजे ‘वॉल्डन’चा लेखक, सविनय कायदेभंगाचा विचार मांडणारा हेन्री डेव्हिड थोरो. मराठी वाचकाला तो परका नाही. दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आणि त्यांच्या ‘ऋतुचक्र’मध्येही महिन्यामहिन्याचं झाड निरखणारी तशीच नजर आहे. पण तळ्याकाठच्या झोपडीतून परतल्यानंतरचा थोरो फारसा कुणी वाचत नाही. १८५२ ते १८५८ या वर्षांत तो मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाच्या परिसरात, शेकडो जातींच्या वनस्पतींचं पहिलं फूल कधी उमलतं, हे टिपत हिंडत होता. एखाद्या रोपाची कळी नेमकी कोणत्या दिवशी उघडते हे पाहायला तो पंधरवड्यात कित्येकदा मैलोनमैल चालत जाई. ‘या दलदलीत मी गाढ झोपेतून जागा झालो, तर नुसत्या झाडांवरून तारीख सांगेन, फार तर दोन दिवसांचा फरक पडेल,’ अशा अर्थाचा त्याचा विश्वास त्याच्या मित्रानं, इमर्सननं, नोंदवून ठेवला आहे. थोरोच्या अनेक अभ्यासकांना मात्र ही सगळी वर्षं वाया गेलेली वाटली. कवी आटला आणि उरला तो कोरडी आकडेमोड करणारा माणूस, असं मत बराच काळ प्रचलित होतं. मला ते फार अन्यायाचं वाटतं.

थोरोनं या नोंदींचे तक्ते मांडून ठेवले होते; ब्रॅडली डीन या थोरो-अभ्यासकाकडून प्रायमॅकना त्यांच्या प्रती मिळाल्या. डाव्या बाजूला वनस्पतींची नावं, वर एकेक वर्ष आणि चौकटींत तारखा. नेमकं हेच प्रायमॅक शोधत होते! पण ते वाचायचं कसं? थोरोचं अक्षर गिचमीड, आणि त्यानं लिहिलेली कित्येक शास्त्रीय नावं दीडशे वर्षांत बदललेली. प्रायमॅक आणि त्यांचा विद्यार्थी एब्राहम मिलर-रशिंग यांनी एकेक नाव लावत नेलं. मग दोघं कॉन्कॉर्डच्या रानात उतरले आणि थोरोनं केलं तेच करू लागले. वसंतात पुन्हा पुन्हा त्याच वाटांनी जायचं, पहिलं फूल गाठायचं आणि तारीख लिहायची.

दुवा जोडायला आणखी एक माणूस सापडला. कॉन्कॉर्डचाच दुकानदार आल्फ्रेड हॉस्मर. त्यानं १८७८ मध्ये आणि नंतर १८८८ ते १९०२ अशी सलग वर्षं फुलांच्या नोंदी ठेवल्या होत्या. थोरोनंतरचा काळ त्यानं बराचसा भरून काढला.

तुलना करण्यातही एक धोका होता. एखादी जात दुर्मीळ झाली, की तिचं पहिलं फूल नजरेला पडायलाच उशीर होतो आणि झाड उशिरा फुललं असा भास होतो. सर्रास दिसणाऱ्या जातींत ही फसगत कमी, म्हणून आधार घेतला तो अशा ४३ जातींचा. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला. थोरोच्या काळापेक्षा ही झाडं सरासरी ७ दिवस आधी फुलत होती. ब्लूबेरीचं उंच झुडूप तीन आठवडे आधी. आपल्या आंबुशीच्या कुळातली तिथली पिवळी आंबुशी तर महिनाभराहून जास्त आधी! दरम्यान त्या भागाचं तापमान २.४ अंश सेल्सिअसनं वाढलं होतं. त्यात जागतिक तापमानवाढीचा वाटा होता, तसाच बॉस्टनभोवती पसरलेल्या शहरीकरणाचाही. फुलण्याआधीचे एकदोन महिने जितके उबदार, तितकी फुलं लवकर, हा संबंध नोंदींमधून स्पष्ट दिसत होता.

पण शोधाचा सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग फुललेल्या झाडांत नव्हता. तक्त्यात नाव असलेली कितीतरी झाडं रानात सापडतच नव्हती. हार्वर्डचे चार्ल्स विलिस आणि चार्ल्स डेव्हिस यांनी प्रायमॅक, मिलर-रशिंग यांच्यासह या जातींचा वंशवृक्ष मांडून पाहिला. थोरोनं नोंदलेल्या जातींपैकी २७ टक्के नाहीशा झाल्या होत्या आणि आणखी ३६ टक्के जेमतेम तग धरून होत्या. तेही अशा गावात, जिथली निम्म्याहून जास्त जमीन अजून मोकळी किंवा राखीव आहे. मग कोण गेलं? बदलत्या उबेबरोबर ज्यांना आपली तारीख हलवता आली नाही, ती झाडं. आणि ती वंशवृक्षावर विखुरलेली नव्हती; ऑर्किड, लिली, गुलाब यांच्यासारखी कुळंच्या कुळं एकत्र मार खात होती.

थोरोनं झाडांना पालवी फुटण्याच्या तारखाही लिहिल्या होत्या, आणि त्यांच्यावरून २०१९ मध्ये पुढचं पान उघडलं. रानातली छोटी फुलझाडं वर्षभराची बरीचशी शिदोरी वसंताच्या सुरुवातीला, डोक्यावरच्या वृक्षांची पानं दाटायच्या आत, मिळेल त्या उन्हात गोळा करतात. फुलझाडांची पानं आता सुमारे एक आठवडा आधी येतात. वृक्षांची पालवी मात्र जवळपास दोन आठवडे आधी. म्हणजे लवकर जागं होऊनही त्या रोपांच्या वाट्याचं ऊन कमीच होत चाललं आहे.