सत्तर अश्वशक्ती गेली कुठे?

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक समज पक्का आहे. शेवरोले कॉर्व्हेटचे ५.७ लिटरचे साधे इंजिन १९७१ मध्ये २७० अश्वशक्तीचे होते, १९७२ मध्ये २०० चे झाले. म्हणजे गाडी एका वर्षात मरगळली.

खरे तर बदलली ती मोजण्याची रीत. आधी ‘ढोबळ अश्वशक्ती’ (उघड्या इंजिनाची चाचणीमंचावरची ताकद) छापत. त्या चाचणीत एअर फिल्टर नसे, सायलेन्सर नसे, पंखा-अल्टरनेटरचा भारही नसे. १९७२ पासून ‘निव्वळ अश्वशक्ती’ (गाडीतला हा सारा सरंजाम जोडून उरणारी ताकद) छापू लागले. बाजार समितीत धान्याचे पोते बारदानासकट तोलावे आणि नंतर बारदान वजा करावे, तसाच हा फरक.

जनरल मोटर्सने १९७१ साली दोन्ही आकडे दिले होते: ढोबळ २७०, निव्वळ २१०. म्हणजे खरी घट अवघी दहाची!

मोठा फटका आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, बसला होता. कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनाचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) १०.२५ वरून ८.५ वर आणले आणि ढोबळ ३०० चे २७० झाले. तेव्हा दोन जुन्या गाड्यांची तुलना करताना आकड्याआधी त्याची जात पाहावी.