देवमाशाचे भूचर पूर्वज

आपल्या भाषेने या प्राण्यास ‘देवमासा’ असे नाव दिले आहे. परंतु देवमासा हा मासा नव्हे. माशांस कल्ले असतात व त्यांच्या योगे पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांस मिळतो. देवमाशास फुप्फुसे असल्यामुळे श्वासासाठी त्याला पाण्याच्या पृष्ठभागावर यावेच लागते. त्याचे रक्त उष्ण असते. तो पिलांना जन्म देतो व त्यांना दूध पाजतो. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवून पोहतो, तर देवमासा ती वर-खाली हलवितो. चौखूर धावणाऱ्या प्राण्याच्या पाठीचा कणाही असाच वर-खाली वाकत असतो. देवमाशाच्या स्नायूंत कटीच्या हाडांचे लहानसे अवशेष दडलेले असतात. डॉल्फिन या त्याच्या आप्ताच्या गर्भात तर मागील पायांचे अंकुर काही काळ दिसतात व पुढे लोप पावतात.

या सर्व खुणांवरून देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, असे अनुमान निघते. पण ते पूर्वज कोणते, आणि जमिनीवरचा प्राणी समुद्राचा रहिवासी कसा झाला? याचे उत्तर खडकांतच शोधावे लागले.

दात की रक्त?

१८३४ साली अमेरिकेत सापडलेल्या काही प्रचंड मणक्यांना सरपटणाऱ्या प्राण्याचे मणके समजून ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे ‘सरड्यांचा राजा’, असे नाव देण्यात आले. १८३९ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी दातांची रचना तपासून तो सस्तन प्राणी असल्याचे दाखविले. पुढे इजिप्तच्या वाळवंटात याच कुळातील प्राण्याचे मागील पाय सापडले व १९९० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या पायांना गुडघा होता, बोटेही होती. मात्र एवढ्या प्रचंड देहाचा भार पेलण्याचे सामर्थ्य त्यांत नव्हते.

तरीही मूळ कुळाविषयी मतभेद होते. दातांच्या आकारावरून काही शास्त्रज्ञ देवमाशाचा संबंध नामशेष झालेल्या एका मांसाहारी खुरधारी गटाशी जोडत. उलट रक्तातील प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांची तुलना करणारे शास्त्रज्ञ त्याला गाय, हरिण, डुक्कर अशा समखुरी प्राण्यांच्या गटात, व त्यातही पाणघोड्याच्या जवळ बसवीत. हा वाद घोट्याच्या एका लहानशा हाडाने मिटविला. समखुरी प्राण्यांत या हाडाच्या दोन्ही टोकांस कप्पीसारखी खाच असते. तसलेच हाड पाकिस्तानातील आद्य देवमाशांच्या सांगाड्यांत दोन निरनिराळ्या संशोधक-गटांस आढळले, व २००१ साली दोघांनीही आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्ताची साक्ष खरी ठरली.

काश्मीरचा खडक

भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून जीवाश्मयुक्त खडक गोळा केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते खडक त्यांच्या पत्नीने जे. जी. एम. थेविसेन यांच्या स्वाधीन केले. ते साफ करीत असताना एक कवटी चुकून फुटली आणि आतील कानाचे हाड उघडे पडले. त्या हाडाची एक भिंत असाधारण जाड होती. हे लक्षण तोवर केवळ देवमाशांच्याच कुळात ठाऊक होते.

हा प्राणी म्हणजे ‘इंडोह्यूस’. तो मांजराएवढा, सडपातळ पायांचा व समखुरी होता. त्याच्या पायांची हाडे पाणघोड्याप्रमाणे भरीव होती. त्या वजनामुळे पाण्याच्या तळाशी चालणे सुकर होत असावे. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. इंडोह्यूस हा देवमाशाचा साक्षात पूर्वज नव्हे. पण तो त्याचा अतिशय जवळचा भाऊबंद होय. आफ्रिकेतील एक लहान प्राणी, आपल्याकडील पिसोरीचा आप्त, संकट येताच पाण्यात बुडी मारून लपतो. देवमाशाच्या पूर्वजांचा जलप्रवेश अशाच सवयीतून झाला असावा, असे अनुमान आहे.

परतीची वाट

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा ‘पाकिसेटस’ लांडग्याएवढा असून ओढ्यांच्या काठी वावरत असे. त्याच्यानंतरचा ‘अँब्युलोसेटस’ मगरीसारखा दबा धरून बसे. त्याचे अवशेष समुद्रकाठच्या गाळात सापडतात. तथापि दातांतील प्राणवायूचे समस्थानिक तपासता तो गोडे पाणी पीत होता, असे दिसते. म्हणजे वस्ती खाऱ्या पाण्याजवळ आली, तहान मात्र अद्याप जमिनीचीच होती.

यापुढील अवस्था कच्छच्या खडकांत पाहावयास मिळते. तेथील प्राचीन देवमाशांचे सविस्तर वर्णन अशोक साहनी व विजयप्रकाश मिश्रा यांनी १९७५ साली केले. कच्छचे नाव धारण करणारा ‘कच्छिसेटस’ पाणमांजरासारखा असून त्याची शेपूट लांब व बळकट होती. त्याच्या कुळातील प्राण्यांना पाय होते. पण तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका मात्र अतिशय लहान झाल्या होत्या. त्यामुळे जमिनीवर चपळाईने धावणे त्यांस जमले नसावे. पाय शिल्लक असतानाच कानाने परतीची वाट बंद केली होती.

समुद्राने देवमाशाचा देह एकाच वेळी घडविला नाही. प्रथम कान बदलला, मग शेपूट बळकट झाली. नाकपुड्या हळूहळू डोक्याच्या माथ्याकडे सरकल्या आणि मागील पाय सर्वांत शेवटी लोपले. या परिवर्तनास एक कोटी वर्षांच्या आसपास काळ लागला. फुप्फुसे मात्र बदलली नाहीत. म्हणूनच महासागराचा हा रहिवासी आजही प्रत्येक श्वासासाठी पाण्याबाहेर डोके काढतो.