घास उतरतो, पण उपचार यशस्वी झाला का?

उपचारानंतर डॉक्टर चार गोष्टी विचारतात. घास अडकतो का? खाल्लेलं पुन्हा तोंडात येतं का? छातीत दुखतं का? वजन किती घटलं? प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण मिळतात आणि चारही प्रश्नांची मिळून बेरीज जास्तीत जास्त 12 होते. ती 3 किंवा त्याहून कमी आली, की उपचार यशस्वी मानतात. ‘अकॅलेशिया’ या अन्ननलिकेच्या आजारात जगभर वापरली जाणारी ही मोजपट्टी म्हणजे ‘एकार्ट स्कोअर’. 1992 पासून ती वापरात आहे.

आता एक हिशेब करून पाहू. एखाद्याचा घास प्रत्येक जेवणात अडकतो, म्हणून त्याला त्या प्रश्नाचे पूर्ण 3 गुण मिळतात. बाकी त्रास नाही, त्यामुळे तिथे शून्य. बेरीज 3. म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळणारा, दर घासामागे पाण्याचा घोट घेणारा हा माणूस नोंदवहीत ‘यशस्वी’ ठरतो. मोजपट्टी सोपी आहे, खर्च शून्य आहे, म्हणून ती टिकली. पण तिच्या एकटीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

अकॅलेशिया विरळा आजार आहे. वर्षाला लाखात साधारण एकाला तो होतो. अन्ननलिकेच्या भिंतीत चेतापेशींचं एक जाळं असतं. त्यातल्या, स्नायूला सैल होण्याचा निरोप देणाऱ्या पेशी या आजारात नष्ट होतात. त्यामुळे जठराच्या तोंडाशी असलेली झडप घास आला तरी उघडत नाही. शिवाय अन्न खाली ढकलणाऱ्या अन्ननलिकेच्या लाटाही थांबतात. अन्न वर साचत जातं, रात्री आडवं झालं की घशाशी येतं, खोकल्याची उबळ येते. ‘अ‍ॅसिडिटी’ समजून काही जण वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहतात.

मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. म्हणून सगळे उपचार झडपेवरच चालतात. 1674 मध्ये थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका रुग्णाची झडप रोज उघडल्याची नोंद केली. 1913 मध्ये जर्मनीत अर्नस्ट हेलर यांनी झडपेचा स्नायू शस्त्रक्रियेने कापला. फुग्याने झडप ताणण्याची पद्धतही रुळली. 2008 मध्ये जपानच्या हारुहिरो इनोए यांनी पोटावर एकही छेद न देता, तोंडावाटे दुर्बीण घालून हेच काम केलं. अन्ननलिकेच्या अस्तराला आतून छोटी चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून जठरापर्यंत बोगदा खणायचा, आतला स्नायू कापायचा आणि चीर क्लिपांनी मिटवायची. या पद्धतीला ‘पोएम’ म्हणतात. ती आता भारतातही होते.

तिचे निकाल चांगले आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 133 रुग्णांच्या एका चाचणीत दोन वर्षांनी पोएमचं यश 92 टक्के होतं, फुग्याचं 54 टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत 221 रुग्ण होते. तिथे पोएम आणि पोटातून दुर्बिणीने केलेली हेलर शस्त्रक्रिया यांची तुलना झाली: 83 टक्के आणि 82 टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. पण दोन्ही ठिकाणी ‘यश’ ठरवलं ते मुख्यतः त्याच चार प्रश्नांवरून.

रुग्णाचं म्हणणं आणि अन्ननलिकेची स्थिती नेहमी जुळतात असं नाही. माणूस आजाराशी जुळवून घेतो. सावकाश जेवतो, भाकरी आमटीत कुस्करून खातो आणि ‘आता बरं आहे’ म्हणतो. हे तपासायला एक साधी युक्ती आहे. रुग्णाला उभं करून बेरियमचं पातळ द्रावण प्यायला देतात आणि एक, दोन व पाच मिनिटांनी एक्स-रे काढतात. नळीत बेरियमचा किती उंच स्तंभ उरला, ते त्यात दिसतं. त्रास गेल्याचं सांगणाऱ्यांपैकी काहींच्या नळीत बेरियम तसंच उभं असतं. त्यांच्यात पुढे त्रास उलटण्याची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांत दिसलं आहे. झडपेवरचा दाब मोजण्याची मॅनोमेट्रीही आहे, पण नाकातून नळी घालावी लागते आणि ती सगळीकडे उपलब्ध नसते. एक्स-रे त्या मानाने सहज मिळतो.

दुसरी अडचण उलट्या दिशेची आहे. झडप सैल केली की जठरातलं आम्ल वर चढायला वाट मिळते. हेलर शस्त्रक्रियेत सर्जन जठराचा थोडा भाग गुंडाळून आम्लाला अडसर करतात. पोएममध्ये तशी सोय नसते. 221 रुग्णांच्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा पोएम झालेल्यांपैकी 57 टक्के जणांच्या अन्ननलिकेत आम्लाने झालेली इजा होती. हेलर गटात ती 20 टक्क्यांत होती. दोन वर्षांनी हे आकडे 44 आणि 29 टक्के झाले. यातली बरीचशी इजा सौम्य असते आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी आटोक्यात राहते. पण अनेकांना जळजळ जाणवतच नाही. एकार्टच्या चार प्रश्नांत आम्लाचा प्रश्न नाही. त्यामुळे घास सुरळीत उतरणारा, वजन भरून आलेला रुग्ण 0 गुण घेऊन घरी जातो आणि आतली जखम कुणाच्या ध्यानात येत नाही.

कामधंदा बुडवून, प्रवासाचा खर्च करून पुन्हा मोठ्या शहरात तपासणीला जायचं, तेही काही दुखत नसताना, हे कुणालाही जड जातं. म्हणून घरी सोडतानाच डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांच्या तारखा कागदावर लिहून द्याव्यात आणि रुग्णानेही त्या मागून घ्याव्यात. जळजळ नसली तरी दुर्बिणीने अन्ननलिका केव्हा पाहायची, गोळ्या किती दिवस घ्यायच्या, बेरियमचा एक्स-रे पुन्हा कधी काढायचा, हे त्यात असावं. उपचारापूर्वीचा बेरियमचा एक्स-रे मात्र फाइलमध्ये जपून ठेवावा. नव्या एक्स-रेतला स्तंभ किती उतरला, हे जुना शेजारी धरल्याशिवाय सांगता येत नाही.